खिळीपेक्षा उंच असेल तो

मंगोलांच्या क्रौर्यावर बोलताना लोक कवट्यांच्या ढिगांपासून सुरुवात करतात. मला मात्र त्यांच्यातली बैलगाडीच्या आसाची खीळ जास्त भिववते.

१२०२ साली तेमुजिनने, म्हणजे पुढच्या चंगीझ खानाने, तातारांना हरवलं. त्याच्या बापाला तातारांनीच विष घातलं होतं. घरच्यांची बंद बैठक झाली आणि ठरलं की धरलेल्या तातार पुरुषांना खिळीशी उभं करायचं. जो तिच्याहून उंच भरेल तो मेला. बाकीची पोरं गुलाम म्हणून वाटून घ्यायची. सावत्र भाऊ बेलगुतै बाहेर आला, तर एका तातार सरदाराने विचारलं, काय ठरलं? याने सांगून टाकलं! तातारांनी बाह्यांत सुऱ्या लपवल्या, आणि मरता मरता बरीच मंगोल माणसं नेली. बेलगुतैला शिक्षा झाली ती बातमी फोडल्याबद्दल: पुन्हा घरच्या बैठकीत बसायचं नाही, बाहेर भांडणतंटे मिटवत राहायचं. ही सगळी हकिगत खुद्द मंगोलांच्याच 'गुप्त इतिहास' या जुन्या ग्रंथात आहे, कसलाही संकोच न करता सांगितलेली.

माझी नोकरी रोजगार हमीच्या कामांची मस्टरं, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, तपासण्यात गेली. त्यामुळे पुढचं वाचताना मी जरा जास्तच रेंगाळलो. १२०६ च्या कुरुलताईत, म्हणजे मंगोल सरदारांच्या मोठ्या सभेत, तेमुजिनला चंगीझ खान केलं, तेव्हा हजार-हजार माणसांची ९५ पथकं बांधली गेली. दहा, शंभर, हजार, पुढे दहा हजार. हरलेल्या टोळ्यांची माणसं बहुतेक विखरून वेगवेगळ्या पथकांत घातली. टोळीची नाती मोडून काढायचा याहून पक्का उपाय नाही. नेमलेलं पथक सोडून दुसरीकडे जायचं नाही. पोपकडून गेलेला पादरी कार्पिनी १२४६ साली तिथे होता. तो लिहितो, दहांतला एक पळाला तर दहाही मारतात. म्हणजे पहारेकरी वेगळा लागतच नाही, शेजारचाच पहारेकरी. (आपल्याला पंचहजारी माहीत आहे ती मोगलांच्या मनसबीतली. ती दशमान मोजणीही याच परंपरेतली.)

शहरं पडली की हीच मोजणी चाले. कारागीर बाजूला काढायचे, त्यांना पूर्वेला पाठवायचं. उरलेले लोक मारण्यासाठी शिपायांत वाटून द्यायचे. १२२१ साली मध्य आशियातल्या उर्गेंच शहरात प्रत्येक शिपायाच्या वाट्याला २४ माणसं आली, असं इराणी इतिहासकार जुवैनी सांगतो. शिपाई म्हणे ५०,००० होते. गुणाकार करून बघा, म्हणजे आकडा फुगवलेला आहे हे कळेल. पण वाटणीची पद्धत खोटी वाटत नाही.

या सगळ्याच्या नोंदी ठेवणारा कोण? शिगी कुतुकू. तातारांच्या लुटलेल्या छावणीत सापडलेलं पोर, नाकात सोन्याची कडी, अंगात सेबल या प्राण्याच्या फरचं अस्तर लावलेली बंडी. चंगीझच्या आईने, होएलुनने, त्याला वाढवलं. १२०६ मध्ये तो सर्वोच्च न्यायाधीश झाला. लोकांच्या वाटण्या आणि निवाडे पांढऱ्या कागदावर निळ्या अक्षरांत लिहून ठेवायचे, आणि त्यात कुणी खाडाखोड करायची नाही, असा हुकूम होता. असा हुकूम आम्हाला मिळाला असता तर!

१२२१ मध्ये काबूलच्या उत्तरेला परवानला याच शिगी कुतुकूची गाठ ख्वारज्मच्या सुलतान जलालुद्दीनशी पडली. फौज कमी पडली, तेव्हा कुतुकूने जादा घोड्यांवर बुजगावणी बसवून ती मोठी दाखवली. मस्टरवर बोगस नावं चढवल्यासारखंच झालं हे. जलालुद्दीन फसला नाही आणि मंगोल सपाटून हरले. चंगीझने मात्र कुतुकूला काही केलं नाही. जिंकायचीच सवय झाली होती, आता शिकेल, एवढंच तो म्हणाला.