पंप दूर, तरी गाडी ई८५ वर: माझा अनुभव

बॉस्टनच्या पश्चिमेला राहून ई८५ वर, म्हणजे इथेनॉल जास्त आणि पेट्रोल कमी अशा इंधनावर गाडी चालवायची, तर आधी नकाशा उघडावा लागतो. मिनेसोटा, आयोवा, इलिनॉय ही मक्याची राज्यं, आणि इथलं इथेनॉल मक्यापासूनच बनतं. तिथे हे इंधन साध्या पंपावर सहज मिळतं. न्यू इंग्लंडमध्ये ते हुडकावं लागतं, आणि माझ्या सोयीचा पंप जाऊन-येऊन दोन तासांवर आहे. तरीही मी माझी सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल-इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर चालणारी, करून घेतली. ज्यांच्या मनात असं काही घोळतंय त्यांच्यासाठी हे जरा तपशिलात लिहितोय.

हा खटाटोप कशासाठी? अडीच लिटरचं टर्बो इंजिन, कंपनीकडून ३०५ हॉर्सपॉवर. बूस्ट, म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब, वाढवला की नॉकिंग आडवं येतं: इंधन आपोआप अवेळी पेटतं आणि इंजिनला ठोके बसतात. ते रोखण्याची इंधनाची ताकद म्हणजे ऑक्टेन. इथलं प्रीमियम पेट्रोल ९३ ऑक्टेनचं, ई८५ त्याहून वरचं. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते भरपूर उष्णता शोषून घेतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारी हवा थंड राहते. मग ट्यूनरला, म्हणजे इंजिनची सेटिंग बसवणाऱ्याला, बूस्टही देता येतो आणि टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) पुढे नेता येतं.

पण इंजिन इंधन जास्त मागतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, ई८५ ला पावणेदहाच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन ओतावं लागतं. इंधन फवारणारे मूळ इंजेक्टर तिथे पुरत नाहीत. मी मिनिटाला हजार सीसीच्या वर इंधन देणारे बसवले, टाकीतला पंप इथेनॉलला चालणारा आणि मोठा घेतला, आणि इंधनाच्या लाइनवर इथेनॉल सेन्सर लावला.

हा सेन्सर म्हणजे या सगळ्या कामाचा प्राण. इथेनॉल शून्य टक्के असेल तर तो ५० हर्ट्झचा सिग्नल देतो, शंभर टक्के असेल तर १५० हर्ट्झचा. मधलं प्रमाण त्याच हिशेबाने. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या संगणकात, पेट्रोलच्या सेटिंगचा एक नकाशा आणि इथेनॉलचा एक. टाकीत जे मिश्रण असेल त्याप्रमाणे दोन्हींच्या मधला मार्ग ईसीयू स्वतः काढतो. डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, आधी ९३ ऑक्टेनवर ट्यून झालं, मग टाकी रिकामी करून ई८५ वर. ट्यूनरने तेव्हाच बजावलं, ‘पंपावरच्या पाटीवर जाऊ नका, सेन्सरचा आकडा बघा.’ कारण नावात ८५ असलं तरी अमेरिकन मानकाप्रमाणे यात ५१ ते ८३ टक्के इथेनॉल असू शकतं, आणि हिवाळ्यात ते मुद्दाम कमी ठेवतात. जिथे पंप दुर्मीळ आहेत तिथे सेन्सरशिवाय, फक्त ई८५ साठी केलेलं ट्यून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पंप बंद निघाला तर घरी यायचं कशावर?

सेन्सर सांगतो ते इंधन टाकीत गेल्यावर. म्हणून गाडीत खुणांची एक काचेची नळी ठेवतो. खालच्या खुणेपर्यंत पाणी, वर शंभरच्या खुणेपर्यंत इंधन, झाकण लावून हलवायचं आणि थांबायचं. इथेनॉल पाण्यात मिसळून खाली येतं, पेट्रोल वर तरंगतं. पाण्याची रेघ जेवढी वर सरकली तेवढं इथेनॉल. पिवळ्या नोझलपाशी उभं राहून हे करताना लोक बघतात, बघू देत.

रोजचं गणित मात्र मिश्रणाचं आहे. माझी टाकी १५ गॅलनच्या थोडी वर. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतंच. ८० टक्क्यांचं चार गॅलन आणि प्रीमियम ११ गॅलन घेतलं की जवळपास २९ टक्के होतं. सहा आणि नऊ केलं तर ३८. नॉकिंगपासून जो दिलासा हवा असतो, त्यातला मोठा भाग इथेच मिळून जातो. पूर्ण ई८५ मी ट्रॅकच्या दिवसासाठी राखून ठेवतो, थॉम्प्सन किंवा लाउडनला जायचं असेल तेव्हा. इतर वेळी न्यूयॉर्क राज्यात मित्रांकडे जाणं झालं की परतताना टाकी भरून घेतो, तिकडे पंप बरेच जास्त आहेत. निघण्याआधी ऊर्जा खात्याच्या नकाशावर पंप बघायचा आणि फोन करून विचारायचं, आज चालू आहे ना? कॅनमध्ये साठवायच्या भानगडीत मी पडलो नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि अपार्टमेंटच्या गॅरेजमध्ये ज्वालाग्राही इंधन ठेवणं मला पटत नाही.

थंडीत मिश्रण तिशीच्या वर जाऊ देत नाही. इथेनॉलची गारठ्यात नीट वाफ होत नाही, स्टार्टर मारत बसावं लागतं, आणि न जळलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. म्हणून ऑइलही पेट्रोलवाल्या गाडीपेक्षा लवकर बदलतो.

पुण्याहून भावाचा प्रश्न ठरलेला, ‘दादा, ॲव्हरेज किती?’ तिकडे ई२० मुळे हा विषय घरोघरी पोचलाय. जून २०२१ मध्ये पुण्यातच तीन ठिकाणी ई१०० चे (जवळपास निव्वळ इथेनॉलचे) पंप प्रायोगिक म्हणून सुरू झाले होते, तेही त्याला आठवतं. त्याला सांगतो ते इथेही सांगतो: इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी. म्हणून २० टक्के मिश्रणात निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा घटते, आणि ई८५ वर ॲव्हरेज साधारण १५ ते २७ टक्क्यांनी उतरतं. गॅलनमागे पाव किंमत कमी असेल तरच खर्चाची तोंडमिळवणी होते, आणि दोन तासांचा फेरा धरला तर तीही होत नाही. पैसे वाचवायचे असतील तर हे करू नका. ट्रॅकवर उन्हात, सलग फेऱ्यांनंतरही टायमिंग मागे येऊ नये, हे हवं असेल तर जरूर करा.