सॉर्टर नाही, आधी लेबल बघा

आज दिवसभर भिवंडीतल्या एका गोदामात सॉर्टरच्या (खोकी आपोआप वेगळी करणाऱ्या यंत्राच्या) कन्व्हेयरवर ‘नो-रीड’ची, म्हणजे स्कॅनरला बारकोड न वाचता आलेली, खोकी उचलून पाहिली. स्कॅनर ठणठणीत. बिघाड लेबलांत: काही खोक्याच्या कडेवरून दुमडलेली, काहींवर श्रिंक-रॅपची (घट्ट गुंडाळलेल्या प्लास्टिकची) चकाकी, काहींत लेबल छापणाऱ्या प्रिंटहेडवरच्या धुळीने उमटलेली पांढरी रेघ.

रोल बदलताना दरवेळी प्रिंटहेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बारकोडच्या दोन्ही बाजूंना सर्वांत बारीक रेषेच्या १० पट कोरी जागा हवीच. खोक्यावर तळापासून ३२ मिमी, उभ्या कडेपासून किमान १९ मिमी अंतर ठेवा. चकाकी असेल तर स्कॅनर थोडा तिरका बसवा.

न वाचलेलं प्रत्येक खोकं शेवटी माणसालाच उचलावं लागतं. रोबोट घेण्याआधी लेबलवर खर्च करा, असं माझं ठाम मत आहे.