मराठी कोणत्या स्टेशनावर उतरते?

पैज लागली ती सोलापूर मागे पडल्यावर. तोवर आम्ही दोघी सॅकच्या वजनावरून वाद घालत होतो. दोघींनी पन्नाशी ओलांडलेली आणि दोघींच्या पाठीवर आपापल्या मुलांच्या कॉलेजातल्या सॅका. 'चाकांची बॅग न्या की' असं घरच्यांनी परोपरीने सांगून पाहिलं होतं. पण बदामीला पायऱ्या, हंपीला दगड आणि मधे सगळ्या लाल बस. चाकं फिरवायची कुठे? निघताना घरच्या काट्यावर तोलल्या तेव्हा तिची सॅक सहा किलो भरली, माझी साडेपाच. हे अर्धा किलो मला फार दिवस पुरणार होतं.

पंढरपूरला मुखदर्शन घेऊन आम्ही गोलगुंबज एक्स्प्रेसमध्ये बसलो. ही गाडी पंढरपूरहून थेट म्हैसूरला जाते. बेत सोपा होता: विजापूर, बदामी, हंपी. आरक्षण फक्त पहिल्या गाडीचं, पुढचं सगळं रामभरोसे. सोलापूरला मैत्रीण 'पाणी घेऊन येते' म्हणून उतरली आणि बऱ्याच वेळाने, गाडी हलता हलता आली. तिथेच समोरच्या बाकावर दोन बायका येऊन बसल्या. एकमेकींशी कानडी, फोनवर सुनेशी मराठी, आणि नातवाला दटावायला दोन्हींची मिसळ. सोलापूरला याचं कुणाला काय वाटणार? ज्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा अख्खं सोलापूर संक्रांतीला डोक्यावर घेतं, ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले कानडी वचनकार, म्हणजे भक्तिकवी.

"मग मराठी नक्की संपते कुठे?" मैत्रिणीने विचारलं.

"पाटी बदलते तिथे."

"पाटी सरकारची. मी बोलण्याचं विचारतेय."

नियम तिथल्या तिथे ठरला. ज्या गावात दिवसभरात एकालाही आपलं मराठी कळणार नाही, तिथे मराठी गाडीतून उतरली असं धरायचं. ती म्हणाली, बागलकोट. मी म्हटलं, हंपीपर्यंत येईल. हरेल तिने एक दिवस दुसरीची सॅक वाहायची.

होटगीला गदगचा फाटा सुटतो, पुढे भीमेचा पूल लागतो आणि पलीकडे कर्नाटक. खिडकीतून काही कळत नाही. अलीकडे जसं तुरीचं आणि ज्वारीचं रान, तसंच पलीकडे. पुलावर मोबाइलने मात्र इमानेइतबारे 'कर्नाटकात आपलं स्वागत' केलं.

विजापूरला दिवस कलताना पोचलो. 2014 पासून कागदोपत्री विजयपुरा, पण टांगेवाल्यांच्या तोंडी अजून बिजापूरच. "आओ ना मौशी, गुंबज उधरच है, पासच है." मी मैत्रिणीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. या 'उधरच'मधला 'च' आपला. दखनी बोलीने मराठीकडून तो उसना घेतला आणि परत करायचं नावच काढलं नाही. मैत्रिणीचं म्हणणं, एका अक्षराने भाषा होत नाही. मी म्हटलं, मराठी माणसाच्या बोलण्यातला 'च' काढून घे, मागे काय उरतं बघ. वाद टांग्यात संपेना. टांगेवाल्याने मान वळवून "अस्सल मराठी हाय का?" असं विचारलं, तेव्हा थांबला. विजापूर माझं झालं.

गोलघुमटाबद्दल शाळेपासून इतकं ऐकलेलं असतं, की प्रत्यक्षात तो आपल्या कल्पनेपेक्षा छोटा निघेल अशी धास्ती असते. निघत नाही. महंमद आदिलशहाची ही कबर. तो 1656 मध्ये गेला. घुमट बाहेरून 44 मीटर व्यासाचा आणि खाली आधाराला एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी सगळा भार भिंतींवर नेऊन टाकतात. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्याच्या अरुंद जिन्याने वर चढताना माझ्या गुडघ्यांनी आदिलशाहीचा उद्धार केला. वरच्या सज्जात पलीकडे उभं राहून भिंतीशी कुजबुजलं तरी ऐकू येतं म्हणतात. येतही असेल. आम्ही गेलो तेव्हा चार शाळांच्या सहली तिथे हाच प्रयोग बेंबीच्या देठापासून करत होत्या. मैत्रिणीने पलीकडून काहीतरी म्हटलं, माझ्यापर्यंत पोचलं ते कुण्या पोराचं "अव्वा", सात-आठ वेळा. नंतर कळलं, ती म्हणत होती, "चहा."

बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ बघायला आम्ही गेलो ते नातेवाइकांकडे जावं तशा. कारण ती मूळची आपल्याकडची. अहमदनगरला 1549 मध्ये ओतली, मग परांड्याच्या किल्ल्यावर राहिली आणि तिथून आदिलशाहीत आली. तोंडाशी श्वापदाचा जबडा आणि त्या जबड्यात बिचारा हत्ती. उन्हात उभी आहे पण हात लावला तर गार लागते. शिवाय याच आदिलशाहीची कितीतरी फर्मानं फारसीच्या जोडीने मोडीतल्या मराठीत निघत, हेही मी मैत्रिणीला ऐकवलं. तेव्हा ती म्हणाली, "मेलेले साक्षीदार चालणार नाहीत."

दुसऱ्या दिवशीच्या गाडीत गर्दी होती. दोन सॅका मांडीवर आणि त्यावर कुणाचं तरी लेकरू. आलमट्टीजवळ कृष्णा आली आणि मैत्रीण एकदम उभी राहिली. ती सांगलीची. जन्मभर कृष्णेच्या पुराचे किस्से सांगत आलेली बाई इथे धरणाचं अथांग पाणी बघून गप्प झाली. मग पर्समधून रुपयाचं नाणं काढलं, खिडकीच्या गजांतून टाकलं आणि शेजारच्या बाईला मराठीतच म्हणाली, "आमची आहे ही." त्या बाईने मान डोलावली. तिला मराठी कळलं, की बाई गहिवरलीय एवढंच कळलं, यावर आमचं बागलकोट येईपर्यंत एकमत झालं नाही. बागलकोटला आम्ही उतरलोच नाही, त्यामुळे तिचा मुद्दा सिद्ध व्हायचा राहिला. त्याबद्दल ती मला अजून बोल लावते.

बदामीचं स्टेशन गावापासून चांगलं पाच किलोमीटरवर. तिथून टमटम. सहा माणसांची जागा आणि बारा माणसं, शिवाय आमच्या दोन सॅका, ज्यांना टमटमवाल्याने एकदा पाहिलं आणि टपावर बांधलं. तांबड्या कड्यात कोरलेली लेणी, खाली अगस्त्य तळं, पलीकडे भूतनाथाची देवळं. तिसऱ्या लेण्यात शके 500, म्हणजे इसवी सन 578 चा लेख आहे. चालुक्य मंगलेशाने कोरवलेला. तिथे मी पाच मिनिटं शांत उभी राहिले असेन नसेन, तोवर माकडाने सॅकच्या बाजूच्या कप्प्यातून बिस्किटाचा पुडा सफाईने काढून नेला. चेन उघडून. माझ्या मुलाला ती चेन कधी उघडता आली नव्हती.

मैत्रिणीचा खरा मुक्काम होता बनशंकरी. तिचं कुलदैवत. बदामीपासून पाच किलोमीटरवर, आणि पौषातल्या जत्रेला तिथे पश्चिम महाराष्ट्रातली घरंच्या घरं येतात. गाभाऱ्यापुढे पोचतो न पोचतो तोच पुजारी म्हणाले, "गोत्र सांगा." शुद्ध मराठीत. मी मैत्रिणीला कोपराने ढोसलं. "देवळात नाही मोजायचं," ती पुटपुटली आणि डोळे मिटून घेतले.

पण या सगळ्या प्रवासात मन रेंगाळतं ते देवळाबाहेरच्या बायकांपाशी. पुढ्यात टोपली, टोपलीत पांढऱ्या फडक्यात ज्वारीच्या भाकऱ्या. हातावर एक कडक भाकरी, तिच्यावर शेंगाचटणी, ठेचा, एक उसळ आणि मडक्यातलं कवडीचं दही. ताट नाही, भाकरी हेच ताट. झाडाखाली मांडी घालून बसायचं. आमची बाई अशी चपळ, की एक भाकरी संपायच्या आत दुसरी हातावर. मी 'पुरे पुरे' म्हणत होते, ती 'तिन्रि, तिन्रि' म्हणत होती आणि दोघींना सगळं कळत होतं. मैत्रिणीने तिला "अक्का" म्हणून हाक मारली. आता अक्का कुणाची? आमच्या आजोळी सगळ्यात मोठ्या मावशीला अक्का म्हणत. अण्णाही तसाच इकडून आलेला. तूप घ्या, इथे ते तुप्प. भाकरीवरचं तूप जर कानडी असेल तर संपलं कोण आणि सुरू झालं कोण? जेवून झाल्यावर मैत्रिणीने सवयीने पोटावरून हात फिरवत आतापी-वातापीचा श्लोक म्हटला, आजी म्हणायची तसा. अर्ध्यात थांबली. ज्या वातापी राक्षसाला अगस्तींनी पचवलं, ते हेच गाव. वातापी म्हणजे बदामी. आजीला हे माहीत असेल का, असा विचार करत आम्ही दोघी भाकरीचे तुकडे कुत्र्याला घालत बसलो.

मराठी कुठे संपते याचं नेमकं उत्तर ज्याच्याकडे होतं, तो माणूस पट्टदकलच्या बसमध्ये भेटला. कंडक्टर. कर्नाटकात 2023 च्या जूनपासून साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही. बसमधल्या झाडून सगळ्या बायकांनी आधार कार्ड दाखवलं, त्यांना शून्य रुपयांचं तिकीट मिळालं. आम्हीही ऐटीत कार्डं काढली. त्याने ती बघितली, पत्त्यावर बोट ठेवलं आणि हसून म्हणाला, "महाराष्ट्र. फुल्ल." आपल्याकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे मैत्रिणीने त्याला मराठीत समजावून पाहिलं. त्याला ते पूर्ण कळलं. तो म्हणाला, "मग तिकडं बसायचं की." सांगली-मिरजेच्या बाजूला काढलेल्या उमेदवारीचं मराठी होतं ते. माझा आणखी एक गुण.

पट्टदकलला उत्तरेकडची नागर आणि दक्षिणेकडची द्राविड, दोन्ही शैलींची देवळं एकाच अंगणात सख्ख्या जावांसारखी उभी आहेत. विरूपाक्षाचं देऊळ लोकमहादेवी राणीने नवऱ्याच्या कांचीवरच्या विजयासाठी बांधलं, आणि वेरूळचं कैलास यावरून बेतलं असं मानतात. आधी वेरूळ पाहिलेलं असल्यामुळे मला उगाच नातवंड आधी आणि आजी नंतर भेटल्यासारखं वाटलं. पण खरा ऐवज होता ऐहोळ्याला. मेगुटीच्या टेकडीवर, भर उन्हात, एक अर्धवट पडकं जैन देऊळ आणि त्याच्या भिंतीत बसवलेली शिळा. रवीकीर्ती नावाच्या कवीने 634 मध्ये रचलेली दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती. भाषा संस्कृत, लिपी जुनी कानडी, आणि मजकुरात असं, की नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचं आधिपत्य या राजाला मिळालं. महाराष्ट्राचा इतका जुना उल्लेख वाचायला आम्ही कर्नाटकातली टेकडी चढलो होतो आणि अक्षर एक वाचता येत नव्हतं.

"नव्व्याण्णव हजारांत सांगली धरली असेल का?" मैत्रिणीने विचारलं.

"धरली असेल तर तुला तिकीट फुकट पाहिजे होतं."

यावर हसत बसलो आणि परतीची बस चुकली. कडुलिंबाखाली सॅका उशाला घेऊन दोन तास काढले. या दोन तासांत कुणी राजा, कुणी शतक आठवलं नाही. तिने तिच्या दुखऱ्या खांद्याचं सांगितलं, गेल्या वर्षी केलेल्या तपासण्यांचं सांगितलं, तेव्हा मला का कळवलं नाही तेही सांगितलं. मी ऐकलं. मग टमटम आली.

गदगला गाडी बदलायची होती. फलाटावर चहा घेताना मी मुद्दामच म्हटलं, "दादा, साखर कमी." तो म्हणाला, "इचलकरंजीला होतो ना आठ वर्षं." मैत्रिणीने चहा न पिता माझ्याकडे पाहिलं.

हंपीचा शेवटचा दिवस. होस्पेटची खोली सोडलेली, रात्रीची बस सोलापूरची, म्हणून सॅका पाठीवरच. विरूपाक्ष, हेमकूट, कमलमहाल, सगळं करून उन्हं उतरताना विठ्ठल मंदिरात पोचलो. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ इथला. रथापाशी फोटोंसाठी रांग होती, आत मंडपात तुरळक माणसं, गाभाऱ्यापाशी कुणीच नाही. गाभाऱ्यात तर मूळचंच कुणी नाही. कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा इथे आणला आणि नाथांचे पणजोबा भानुदास त्याला परत घेऊन गेले, ही आख्यायिका कीर्तनात ऐकलेली. आठ दिवसांपूर्वी आम्ही त्याला पंढरपुरात पाहून निघालो होतो. तरीही दोघी वाकून अंधारात बघत राहिलो.

मागे पहारेकरी येऊन उभा राहिला. म्हातारा, खाकी स्वेटर. मैत्रीण नकळत बोलून गेली, "विठोबा कुठाय हो?"

"इल्ला," तो म्हणाला. मग थोडं थांबून, हाताने उत्तरेकडे दाखवत, "पंढरपूर."

बाहेर येऊन पायरीवर बसलो. माझ्या मते त्याला मराठी कळलं होतं, म्हणून पैज मी जिंकले. तिच्या मते 'विठोबा' हा शब्द मराठीत धरताच येणार नाही, त्याला खुद्द ज्ञानेश्वरांनी कानडा म्हणून ठेवलंय. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी तडजोड अशी, की बसस्टँडपर्यंत तिची सॅक मी घ्यायची आणि माझी तिने.

तिची उचलली तेव्हा कळलं, ती सहा किलोची नाहीच. निदान आठ. उघडून पाहिली तर सगळ्यात खाली शेंगाचटणीची चार मोठी पाकिटं, सोलापूर स्टेशनावरची.