आंब्याच्या गोतातलं झुडूप

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या किनाऱ्यावर टॉरी पाइन्स नावाचं राखीव रान आहे. लोक तिथे जातात ते पाइनची झाडं आणि खालचा समुद्र बघायला. मी मात्र पायवाटेच्या कडेला माजलेल्या लेमोनेडबेरी नावाच्या झुडपापाशी रेंगाळते. इकडे पाऊस वर्षाला सरासरी २५ सेंटीमीटर, तोही बहुतेक हिवाळ्यात. आमच्या रत्नागिरीत एवढा कधी कधी एका दिवसात कोसळतो! उन्हं तापली की शेजारची सेजब्रशची झुडपं पानं गाळून काटकुळी होतात. लेमोनेडबेरी ही बया मात्र बारमाही हिरवीगार. पान जाड, चिवट, कडेला जरासे दाते. दुमडायला गेलं तर वाकण्याआधी मोडेल. आतलं पाणी सहजी उडू न देण्याची ही तजवीज.

मला या झुडपाचा लळा लागला तो त्याचं कूळ कळल्यावर. हे आंब्याच्या गोतातलं. म्हणजे काजू, बिब्बा, चारोळी सगळे नात्यातले, आणि हात लागला तर अंगावर पुरळ उठवणारा इथला बदनाम पॉइझन ओकसुद्धा. खानदान मोठं, पण चीक जपून. आंब्याच्या चिकानं ज्यांच्या ओठाला फोड येतात, त्यांनी इथेही बेतानंच घ्यावं.

राखीव रानात पानही तोडायची बंदी, म्हणून नर्सरीतून एक रोप आणून अंगणात लावलं. आता ते छातीएवढं झालंय. आई आली तेव्हा भर उन्हाळ्यात रोज पाइप घेऊन त्याच्या बुडाशी उभी.

"अगो, पाऊस नाही, पाणी नाही, जगायचं कसं त्यानं?"

"आई, या दिवसांत पाणी साचलं तर मुळं कुजतात त्याची."

"कोकणात कुजत नाहीत ती!" कोकणातल्या कुठल्या झाडाबद्दल हे चाललंय, ते मी विचारलं नाही.

फळ वाटाण्याहून थोडं मोठं, चपटं, लालसर, लव असलेलं. आत बहुतेक बीच. गंमत सगळी बाहेर: सालीवर पांढरट चिकट लेप असतो आणि आंबटपणा त्या लेपात. चोखलं की दात आंबतात. इथले मूळ रहिवासी कुमेयाय लोक ही फळं पाण्यात भिजवून पेय करत आलेत. आम्हीही केलं. गार पाण्यातच, कारण गरम पाण्यानं तुरटपणा उतरतो. लव घशात टोचू नये म्हणून पंच्यातून गाळून घेतलं, मग साखर आणि चिमूटभर मीठ.

आईनं घोट घेतला, जिऱ्याची पूड मागितली, ती घालून दुसरा घेतला.

"बरंय. कोकमाची सर नाही."

साखरेऐवजी गूळ घालून बघ, असा तिचा आग्रह. मला वाटतं, गुळानं तो फिका गुलाबी रंग बिघडेल.