पॅकेट फिल्टरमधली पत्त्यांची तुलना दुरुस्त करताना: माझा अनुभव

आमच्या पॅकेट फिल्टरमध्ये, म्हणजे नेटवर्कवरचा कुठला डेटा पुढे सोडायचा हे ठरवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक नियम होता: १९२.१६८.१.१० ते १९२.१६८.१.५० एवढ्याच मशीनना डेटाबेसपर्यंत जाऊ द्यायचं. मी काठावरचे पत्ते घेऊन तपासलं होतं. ९ अडला, १० गेला, ५० गेला, ५१ अडला. सगळं चोख.

मग एका सकाळी लॉगमध्ये १७२.१६.९.३० दिसला. दुसऱ्याच नेटवर्कमधलं मशीन, आणि याच नियमाने ते आत सोडलेलं! हातातलं सगळं बाजूला ठेवलं.

पहिला संशय मास्कवर (पत्त्याचा नेटवर्क सांगणारा भाग वेगळा काढणाऱ्या आकड्यावर) गेला, पण तिथे काही नव्हतं. दोन पत्ते मास्क लावून सारखे आहेत का एवढंच बघायचं असेल, तर बाइटचा (पत्त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक बाइट) क्रम दोन्हीकडे एक असला की भागतं. लहान-मोठं ठरवायचं झालं की मात्र क्रमावरच सगळं येतं.

टीसीपीडम्पमध्ये, म्हणजे नेटवर्कवरचा डेटा जसाच्या तसा दाखवणाऱ्या टूलमध्ये, बाइट नीट ओळीने होते: १९२, १६८, १, १०. डीबगरमध्ये तोच पत्ता ३२ बिटांचा आकडा म्हणून छापला, तर १० सगळ्यात वरच्या बाइटमध्ये! नेटवर्कवर मोठा बाइट आधी येतो, आमचा इंटेल प्रोसेसर उलटा वाचतो. कोड मूळचा बिग-एंडियन, म्हणजे मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या, मिप्स प्रोसेसरच्या राउटरवरचा. तिथे दोन्ही क्रम एकच, त्यामुळे तिथे कधी कुणाला काही जाणवलं नाही. इथे तुलना शेवटच्या आकड्यापासून सुरू होत होती. ३० हा १० आणि ५० च्या मधला, म्हणून आत. ११ ते ४९ वर संपणारा कुठलाही पत्ता असाच आत आला असता. माझे टेस्टचे पत्ते मात्र सगळे एकाच सबनेटमधले, म्हणजे पहिले तीन आकडे सारखेच.

तुलनेआधी तिन्ही पत्त्यांवर (आलेला पत्ता आणि श्रेणीची दोन टोकं) एनटीओएचएल लावलं, म्हणजे नेटवर्कचा बाइट-क्रम प्रोसेसरच्या क्रमात बदलणारं फंक्शन, आणि आयपीव्ही४, म्हणजे हे चार आकड्यांचे पत्ते, मार्गी लागले.

आयपीव्ही६ ने, म्हणजे नव्या, लांब पत्त्यांनी, जास्त वेळ खाल्ला. १२८ बिटांचे चार तुकडे, आणि कोड प्रत्येक तुकडा सुटासुटा तपासत होता. ३ किलोमीटर ९०० मीटर हे अंतर ३ किलोमीटर ५०० मीटर आणि ४ किलोमीटर १०० मीटर यांच्या मधलंच. पण नुसते मीटर बघितले तर ९०० हे १०० पेक्षा जास्त, म्हणून बाद. तसंच चाललं होतं. आता प्रत्येक टोकाशी तुलना करताना पहिला वेगळा तुकडा सापडला की तिथेच निकाल लागतो.

टेस्टमध्ये १७२.१६.९.३० घातला, शिवाय १०.०.०.२०० ते १०.०.१.२० ही श्रेणीही. जुन्या कोडमध्ये तिच्यात एकही पत्ता बसत नव्हता. दोन्ही टेस्ट आधी जुन्या कोडवर पडताना पाहिल्या, मगच पॅच पाठवला.