कार्ड कोण भरणार?

कॉम्प्युटरचा इतिहास म्हटलं की लोक एकतर शास्त्रज्ञांपासून सुरू करतात नाहीतर दुसऱ्या महायुद्धापासून. पण त्याचं एक भलंमोठं मूळ माणसं मोजणाऱ्या सरकारी ऑफिसात आहे, अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोत. तिथल्या मशीन विभागाबद्दल मी सध्या मिळेल ते वाचतोय आणि या मंडळींबद्दल मला मनापासून आदर वाटायला लागलाय.

१८८० ची जनगणना झाली आणि तिचे तक्ते पूर्ण व्हायला सात-आठ वर्षं गेली. सगळं काम हाताने, कारकून बसून खुणा करतायत, बेरजा करतायत, पुढची जनगणना तोंडावर आली तरी मागचीच संपत नाही. हर्मन हॉलरिथ नावाचा तरुण इंजिनियर त्याच जनगणनेत कामाला होता, आणि हे काम मशीनने करता येईल ही कल्पना त्याला तिथल्याच जॉन शॉ बिलिंग्ज यांच्याकडून मिळाली. मग १८९० च्या आधी ऑफिसने स्पर्धा ठेवली, तीन जण उतरले, सगळ्यांना तीच माहिती दिली. तक्ते करायला बाकी दोघांना ४४.५ आणि ५५.५ तास लागले, हॉलरिथला फक्त ५.५.

हा आकडा सगळीकडे सांगतात. पण त्याच्या शेजारचा आकडा फार कोणी सांगत नाही, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. ती माहिती आधी भोकं पाडून कार्डांवर उतरवायला हॉलरिथच्या पद्धतीतही ७२.५ तास लागले होते! म्हणजे मोजणं साडेपाच तासांत उरकलं पण मशीनला समजेल असं लिहून देणं हेच खरं काम होतं, आणि पुढची सत्तर वर्षं या विभागाची लढाई त्याच्याशीच चालू राहिली असं माझं मत आहे.

कारण बघा ना, दर माणसामागे एक कार्ड. वय, लिंग, जन्म कुठला, धंदा काय, सगळं भोकांमधे. कार्ड ठेवून हँडल खाली ओढलं की जिथे भोक असेल तिथून पिन आरपार जाऊन पाऱ्याच्या वाटीत बुडते, सर्किट पूर्ण होतं आणि डायलचा काटा एक घर पुढे सरकतो. सुंदर डोकं आहे यात. पण सहा कोटींहून जास्त लोकसंख्या, तेवढी कार्डं एकेक करून कोणीतरी पंच केली ना? त्यात मोठ्या संख्येने बायका होत्या. त्यांचं काम इतिहासात एका ओळीत उरकतात, ते मला अजिबात पटत नाही, त्यांच्या हातांशिवाय तो काटा हललाच नसता.

पुढे मशीनच्या भाड्यावरून हॉलरिथचं आणि ब्युरोचं बिनसलं. मग ब्युरोने स्वतःचंच वर्कशॉप काढलं, तिथे जेम्स पॉवर्स या माणसाने नवीन मशीन बनवली आणि १९१० ची जनगणना त्यावर झाली. आता गंमत बघा, हॉलरिथची कंपनी पुढे विलीनीकरणातून आयबीएम झाली, पॉवर्सची कंपनी १९२७ ला रेमिंग्टन रँडमधे गेली, आणि त्याच रेमिंग्टन रँडने १९५० ला एकर्ट-मॉकलींची कॉम्प्युटर बनवणारी कंपनी घेतली. म्हणजे पन्नाशीच्या दशकात बाजारात एकमेकांसमोर उभ्या राहिलेल्या दोन्ही कंपन्यांची नाळ या एकाच ऑफिसात पुरलेली!

एकर्ट आणि मॉकलींचा युनिव्हॅक हा कॉम्प्युटर १९५१ मधे ब्युरोला मिळाला. पाच हजारांवर व्हॅक्यूम ट्यूब, मेमरी पाऱ्याच्या नळ्यांमधली, तीसुद्धा फक्त १००० शब्दांची. १९५० च्या जनगणनेचा काही भाग त्यावर केला, १९५४ ची आर्थिक गणना पूर्ण त्याच्यावर. पण माहिती आधी कार्डावर पंच करा, मग कार्डावरून टेपवर घ्या, तेव्हा कुठे मशीन कामाला लागणार. पुन्हा तेच दुखणं.

खरी सुटका केली ती फॉस्डिक नावाच्या यंत्राने, आणि हे नाव बाहेर फारसं कोणाला माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. ब्युरो आणि नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने मिळून पन्नाशीच्या दशकात ते यंत्र तयार केलं. फॉर्मवर गोल काळे करायचे, फॉर्मचे मायक्रोफिल्मवर फोटो काढायचे, यंत्र त्या फिल्ममधून प्रकाश टाकून गोल वाचतं आणि थेट मॅग्नेटिक टेपवर लिहितं. १९६० च्या जनगणनेत हे वापरलं आणि लोकसंख्येची कार्डं पंच करायचा तो डोंगर गेला. १९७० ला तर बहुतेक घरांना फॉर्म पोस्टाने आले, लोकांनीच ते भरून परत पाठवले, आणि पूर्वी पगार देऊन करून घ्यावं लागायचं त्यातलं बरंचसं काम नागरिक पेन्सिल घेऊन घरी बसून करायला लागले.