बारावा महिना

आमच्या लहानपणी इंदूरला घर बदलायचं ठरलं की आई सगळ्यात आधी लोणच्याच्या बरण्या जुन्या साड्यांत गुंडाळायला घ्यायची. रामबाग, मग सुदामानगर, मग लोकमान्यनगर. कारण बहुतेक वेळा एकच: "वहिनी, मुलाचं लग्न ठरलंय, खोल्या लागतील." घरमालक वाईट नव्हते. एका काकूंनी तर आम्ही निघताना आईची ओटी भरली होती. पण करार अकरा महिन्यांचा. वर्षाहून जास्त मुदतीचा करार नोंदवावा लागतो, म्हणून 1908 च्या नोंदणी कायद्यापासून ही अकराची रीत पडली आहे. बारावा महिना मिळणार की नाही, हे मालकाच्या मनावर. बाबा भिंतीला खिळासुद्धा ठोकू द्यायचे नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स भागात राहायला आले तेव्हा हीच धास्ती घेऊन आले. करार संपायला चार महिने असताना मालकाचं पाकीट आलं आणि पोटात गोळाच आला. शेजारच्या कोलंबियन आजींनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "अगं, ही नोटीस नाही. एक वर्ष हवं की दोन, एवढंच विचारलंय."

आमची इमारत जुनी, विटांची. 1974 पूर्वी बांधलेल्या, सहा किंवा अधिक घरांच्या बहुतेक इमारतींना इथे 'रेंट स्टॅबिलायझेशन', म्हणजे भाडं आणि करार कायद्याने बांधून ठेवणारी व्यवस्था, लागू आहे. शहरात अशी सुमारे दहा लाख घरं आहेत. मुदत संपण्याच्या 150 ते 90 दिवस आधी मालकाने नवा करार पाठवायचाच, आणि कायद्यात लिहिलेल्या मोजक्या कारणांशिवाय तो नाकारायचा नाही. वाढही त्याच्या मर्जीची नाही. महापौरांनी नेमलेलं नऊ जणांचं मंडळ दर उन्हाळ्यात ती ठरवतं. 2025 मध्ये एका वर्षाच्या करारावर 3 टक्के, दोन वर्षांच्या करारावर 4.5 टक्के ठरली. 2015 मध्ये तर एका वर्षाच्या करारावर वाढ शून्य होती.

या मंडळाच्या मतदानाआधी जाहीर सुनावणी होते. मी एकदा गेले होते. एक आजोबा काठी टेकत माइकपाशी आले, औषधांचा खर्च आणि भाडं असे दोन आकडे वाचून दाखवले आणि जागेवर जाऊन बसले. मागोमाग एका छोट्या इमारतीचे मालक बोलले: विमा, मालमत्ता कर, जुने नळ. त्यांचंही खोटं नव्हतं. अशा मालकांना दुरुस्तीसाठी शहराने मदत द्यावी, असं मला मनापासून वाटतं. पण भाडेकरूचं संरक्षण काढून नव्हे. तेही इथे करून झालंय. नव्वदच्या दशकापासून 2019 पर्यंत असा नियम होता की रिकाम्या झालेल्या घराचं भाडं ठराविक रकमेच्या वर गेलं की ते घर नियंत्रणातून कायमचं सुटायचं. मग जुना भाडेकरू निघून जाण्यातच मालकाचा फायदा. हजारो परवडणारी घरं अशी गेली आणि ती परत आली नाहीत. 2019 च्या कायद्याने ती वाट बंद केली. त्याच कायद्याने डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापुरतं ठेवलं, आणि घर सोडल्यावर 14 दिवसांत, काही कापलं असेल तर तपशिलासकट, परत करायला लावलं.

आजींनीच मला आणखी एक गोष्ट शिकवली. आपल्या घराचा भाड्याचा इतिहास राज्याच्या गृहनिर्माण विभागाकडून फुकट मागवता येतो. टपालाने कागद आला, त्यात वर्षावर्षाचं नोंदलेलं भाडं. माझ्याकडून घेतलं जाणारं त्याहून जास्त होतं. मी पत्र लिहिलं आणि पुढच्या काही महिन्यांच्या भाड्यातून फरक वळता झाला. हातात कागद नसता तर मी तोंडही उघडलं नसतं.

भाची यंदा इंदूरला भंवरकुआजवळ खोली शोधतेय. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट नको असं म्हटलंय, पण तो नमुना आहे; राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. म्हणून तिला सांगितलंय: डिपॉझिट बँकेतूनच दे, दर महिन्याची पावती घे, सामान ठेवण्याआधी भिंतींचे, नळांचे फोटो काढ.

आईचा परवा फोन आला. "करार कधी संपतोय गं तुझा?" मी म्हटलं, "दोन वर्षांनी. आणि नंतरही मीच राहीन म्हटलं तर मीच." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबांचा फोटो पाठवते, भिंतीवर लाव."